शटडाऊननंतर लाइन परत घेताना: नव्या वायरमन आणि सुपरवायझरांसाठी

देखभालीचं काम आटोपत आलं की कारखान्यात सगळ्यांना घाई सुटते. प्रॉडक्शनवाले दर पाच मिनिटांनी फोन करतात, काँट्रॅक्टरची पोरं टेम्पोत सामान भरायला लागतात आणि पॅनेल रूमच्या दारातून कोणीतरी आवाज देतं, "साहेब, घ्यायची का लाइन?" सकाळी लाइन बंद करताना सगळे ताजेतवाने आणि सावध असतात. संध्याकाळी परत घेताना तीच माणसं दमलेली असतात, लक्ष घराकडे लागलेलं असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, लाइन घेणं, म्हणजे वीज परत जोडणं, हे स्वतंत्र काम धरा. आठ तासांचा शटडाऊन मिळाला असेल तर शेवटचे दोन तास चार्जिंगचे (लाइन परत घेण्याचे), हे प्रॉडक्शनला आदल्या दिवशीच लेखी कळवून टाका. मग फोन आला तरी उत्तर तयार असतं.

पुढचं सगळं एक ठरावीक मांडणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पुण्याच्या आसपासच्या एमआयडीसीत ती सर्रास दिसते: महावितरणचा २२ केव्ही पुरवठा, आवारात डीपी (दोन खांबांचा सांगाडा) आणि आयसोलेटर (लाइन तोडून वेगळी करणारा स्विच), सीलबंद मीटरिंग क्युबिकल, एचटी (उच्च दाबाच्या) बाजूला व्हीसीबी म्हणजे व्हॅक्युम ब्रेकर, १००० केव्हीएचा २२/०.४३३ केव्ही तेलाचा ट्रान्सफॉर्मर, एलटी (कमी दाबाच्या) बाजूला १६०० अँपिअरचा एसीबी म्हणजे एअर ब्रेकर, खाली पीसीसी (कारखान्यात वीज वाटणारा मुख्य पॅनेल), जोडीला डीजी (डिझेल जनरेटर) सेट आणि हल्ली छतावर सोलर. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असल्यानं अशी कामं गुरुवारी निघतात, मोठी असली तर दिवाळीच्या बंदमध्ये. तुमच्याकडे ११ किंवा ३३ केव्ही असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे वाचून कोणी एकट्यानं एचटीला हात लावायचा नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार असं काम नेमून दिलेल्या, पात्र माणसानंच करायचं असतं. ट्रान्सफॉर्मर बदलून नवा बसवला असेल तर विद्युत निरीक्षकांच्या परवानगीशिवाय तो चार्ज करता येत नाही. तो वेगळा विषय आहे. इथं आपण फक्त जुन्या, मंजूर बसवणुकीच्या देखभालीनंतरचं बोलतोय.

आधी जवळ काय हवं

कागद:
- त्या दिवशी दिलेली सगळी परमिटं (काम करण्याच्या लेखी परवानग्या), अनुक्रमांकासह
- सिंगल लाइन डायग्राम, आजच्या स्थितीचा. भिंतीवर फ्रेम केलेला दहा वर्षांपूर्वीचा नको
- स्विचिंगचा लेखी क्रम, प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि सही करायला जागा
- रिलेची (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणाची) सेटिंग शीट आणि मागच्या वर्षीचे मेगरचे (इन्सुलेशन मोजण्याच्या मीटरचे) आकडे
- महावितरणकडून लाइन बंद घेतली असेल तर त्यांच्या लाइन क्लिअरचा कागद (लाइन बंद असल्याची लेखी हमी)

सामान:
- ५ केव्हीचा मेगर आणि ५००/१००० व्होल्टचा मेगर
- दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा चांगला मल्टिमीटर, क्लॅम्पमीटर, फेज सिक्वेन्स मीटर
- एचटीसाठी व्होल्टेज डिटेक्टर आणि डिस्चार्ज रॉड
- हातमोजे, फेसशिल्ड, आर्क फ्लॅश सूट, पॅनेलपुढे आयएस १५६५२ ची मॅट
- टॉर्क रेंच, टॉर्च, वॉकीटॉकी

हातमोज्यांवरचा शिक्का वाचा. ११ केव्हीचे मोजे २२ केव्हीला चालत नाहीत, हे स्टोअरमधल्या माणसाला माहीत असेलच असं नाही. मोज्यात हवा भरून, मनगटाशी पिळून बोटं फुगतात का आणि कुठून हवा निसटते का ते बघायचं. आणि खिशातला निऑन टेस्टर खिशातच राहू द्या. तो पेटला नाही म्हणजे लाइन नाही, असं धरून चालणारी माणसं मी पाहिली आहेत. ती नशीबवान होती.

१. सगळी परमिटं परत घ्या, सहीनिशी

ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. "पाटील गेले घरी, पण त्यांचं काम झालंय" हे चालत नाही. फोनवर "हो हो, घ्या लाइन" हेही चालत नाही. शिफ्ट बदलली असेल तर परमिट नव्या माणसाच्या नावावर चढवलेलं असलं पाहिजे. सकाळी किती परमिटं दिली आणि आता किती परत आली, हे दोन आकडे जुळेपर्यंत पुढची पायरी नाही.

कुलपांचंही तसंच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लोटोची (बंद करून कुलूप आणि टॅग लावण्याची) पेटी आता असते, पण सवय अजून पूर्ण मुरलेली नाही. काँट्रॅक्टरच्या पाच माणसांमागे एकच कुलूप लावलेलं असतं. प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात आणि काढणारा तोच. एखादं कुलूप पेटीवर राहिलं आणि मालक सापडत नाही, तर आधी माणूस शोधा. केबल ट्रेंचमध्ये, पॅनेलच्या मागं, ट्रान्सफॉर्मर यार्डात, कँटीनमध्ये. तो आवाराबाहेर गेल्याची गेटवरच्या नोंदीवरून खात्री झाली, त्याच्याशी स्वतः बोलणं झालं आणि प्लँटच्या जबाबदार अधिकाऱ्यानं लेखी दिलं, तरच कुलूप कापायचं.

२. माणसं आणि हत्यारं मोजा, मग आत डोकवा

सगळ्यांना पॅनेल रूमच्या बाहेर एका जागी उभं करा आणि नावं वाचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण याचा कंटाळा सगळ्यात जास्त केला जातो. तिथंच सांगून टाका: आता यापुढे सगळं जिवंत समजायचं, काही विसरलं असेल तर मला विचारल्याशिवाय आत जायचं नाही.

मग हत्यारं. सकाळी यादी केली असेल तर सोपं जातं. बसबार चेंबरमध्ये राहिलेला १७-१९ चा पाना, वरच्या फ्रेमवर ठेवलेला नट, पुसायला घेतलेलं कापड, वायरचे कापलेले तुकडे, हे नेहमीचे पाहुणे. टॉर्च घेऊन प्रत्येक चेंबर स्वतः बघा, खाली वाकून बघा. बसबारच्या जोडांवर मार्करची रेघ ओढलेली असेल तर टॉर्क झालेला जोड कोणता आणि राहिलेला कोणता ते लगेच कळतं. न्यूट्रल बारचे बोल्ट आवर्जून बघा, ते नेहमी शेवटी ठेवले जातात आणि म्हणून राहतात.

ग्लँडची (केबल आत येण्याची) भोकं उघडी असतील तर बंद करा. पाल किंवा उंदीर आत जाऊन दोन फेजच्या मध्ये आडवा झाला की पॅनेल उडतं. हा विनोद नाही, पावसाळ्यात हे दरवर्षी कुठं ना कुठं होतं.

३. मागच्या दारानं येणारी लाइन अडवा

महावितरणची लाइन बंद आहे म्हणजे आपल्याकडे वीज नाही, हा नव्या माणसाचा सगळ्यात धोक्याचा समज. डीजीचा एएमएफ पॅनेल ऑटोवर राहिला तर मेन्स गेल्याचं बघून डीजी आपणहून सुरू होतो. तो मॅन्युअलवर किंवा ऑफवर हवा, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला हवा, चेंजओव्हरला कुलूप हवं. सोलर इन्व्हर्टरचा एसी आयसोलेटर बंद करून टॅग लावा. ग्रिड नसताना इन्व्हर्टर थांबतो हे खरं, पण ऊन असेपर्यंत त्याची डीसी बाजू जिवंतच असते, तिथं हात घालायचा नाही. यूपीएसची आउटपुट काही वेळा दुसऱ्या पॅनेलमधून कंट्रोल सप्लाय म्हणून परत येते. ती डायग्रामवर शोधा, सापडली नाही तर मल्टिमीटरनं शोधा.

यातलं काहीच आपल्या लाइनच्या क्रमात मध्येच चालू होता कामा नये. डीजी आणि सोलर सगळ्यात शेवटी.

४. तात्पुरतं अर्थिंग काढा

प्रत्येक अर्थिंग सेटला नंबर असावा आणि तो परमिटवर लिहिलेला असावा. तीन लावले तर तीनच परत आले पाहिजेत. अर्थिंग विसरून लाइन घेतली तर तो थेट तीन फेजचा शॉर्ट. व्हीसीबी वाचवेलही, पण डीपीवर आयसोलेटर मारणाऱ्या माणसाला कोण वाचवणार?

काढण्याचा क्रम लक्षात ठेवा. लावताना आधी अर्थची बाजू, मग लाइनची. काढताना आधी लाइनची बाजू, शेवटी अर्थची. उलटं केलं तर लाइनला जोडलेली, अर्थ सुटलेली केबल तुमच्या हातात राहते. हातमोजे आणि रॉड वापरूनच काढा. क्युबिकलचा अर्थ स्विच असेल तर तो उघडल्यावर नुसता दिवा बघू नका, काचेच्या खिडकीतून ब्लेड वेगळी झालेली डोळ्यांनी बघा.

इथून पुढे ती लाइन जिवंत धरायची, वर सप्लाय नसला तरी.

५. मेगर मारा, आणि आकडा मागच्या वर्षीशी ताडून बघा

एचटी केबल आणि ट्रान्सफॉर्मरची एचटी वाइंडिंग ५ केव्हीच्या मेगरनं, एलटी बाजू ५०० किंवा १००० व्होल्टनं. ट्रान्सफॉर्मरला तीन मापं: एचटी ते अर्थ, एलटी ते अर्थ, एचटी ते एलटी. पॅनेलला फेज ते फेज आणि फेज ते अर्थ. मीटरिंग क्युबिकल महावितरणचं सील असलेलं, तिकडे जायचं नाही. आपली हद्द आपल्या व्हीसीबीपासून.

एलटीला १ मेगओहम हा तळ आहे, त्याखाली चार्ज करायचंच नाही. पण १.२ आला म्हणून खूष होऊ नका. मागच्या वर्षी तेच पॅनेल २०० दाखवत असेल आणि आज १.२, तर कुठंतरी ओल आहे किंवा कोणाची वायर चिरडली आहे. तापमानाचाही विचार करा. साधारण दर १० अंशांना इन्सुलेशनचा आकडा निम्मा होतो, त्यामुळे मे महिन्यातला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी सरळ ताडून चालत नाही. पावसाळ्यात पॅनेलचे हीटर रात्रभर चालू ठेवले तर सकाळी आकडा सुधारलेला दिसतो. हॅलोजन लावून वाळवणं हा जुना उपाय आहे, चालतो, फक्त केबलच्या अगदी जवळ लावू नका.

मेगर मारण्याआधी एमसीसीबी (फीडरचे ब्रेकर) उघडा, म्हणजे ऑफ करा, ड्राइव्ह, सर्ज प्रोटेक्टर, डिजिटल मीटर आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मर सोडवा. सर्ज प्रोटेक्टर जोडलेला राहिला तर आकडा शून्याजवळ येतो आणि अख्खी टीम तासभर फॉल्ट शोधत बसते. ड्राइव्हवर मेगर मारला तर फॉल्ट शोधावा लागत नाही, नवा ड्राइव्ह शोधावा लागतो.

मेगर झाल्यावर लगेच डिस्चार्ज. ५ केव्हीनं भरलेली लांब केबल चांगला दणका देते. जितका वेळ मेगर मारला त्याहून जास्त वेळ डिस्चार्ज रॉड लावून ठेवा.

६. जे सोडवलं ते परत बसवा

अपघातांचं बीज बरंच इथं असतं, म्हणून जरा थांबून लिहितो.

पहिलं, ट्रान्सफॉर्मरची न्यूट्रल-अर्थ लिंक. एलटीचा मेगर मारताना ती सोडवावी लागते, नाहीतर आकडा येतच नाही. आणि मग ती पत्रा लावून झाल्यावर कोणाच्या तरी टूलबॉक्समध्ये सापडते. न्यूट्रल अर्थ झाला नाही तर अर्थ फॉल्ट रिले आंधळा होतो आणि मशीनच्या बॉडीवर आलेला फॉल्ट ट्रिप होत नाही. त्याच्याच शेजारची न्यूट्रलची मेन लिंक किंवा बारचा बोल्ट सुटा राहिला तर गंमत वेगळी. एका कारखान्यात तसं झालेलं मी पाहिलं आहे. लाइन घेतली, ऑफिसच्या बाजूच्या ट्यूबा आधी लख्ख पेटल्या, कँटीनच्या मिणमिणल्या. कोणीतरी म्हणालं, "आज व्होल्टेज झकास आलंय." मिनिटभरात प्रिंटरमधून धूर. सुट्या न्यूट्रलमुळे एका फेजवर २३० च्या जागी साडेतीनशेच्या आसपास जात होतं. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ असतात, दोन्ही जोडलेले आहेत ना ते हातानं हलवून बघा.

दुसरं, सीटीच्या (रिलेला करंट दाखवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या) लिंका. रिले टेस्टिंगवाले टर्मिनलवर सीटी शॉर्ट करतात. काम झाल्यावर शॉर्टिंग काढायला विसरले तर रिलेला करंट कळतच नाही, आणि सगळे दिवे हिरवे दिसतात. उलट, शॉर्टिंग काढलं पण पुढची लिंक जोडलीच नाही, तर सीटीची सेकंडरी उघडी राहते आणि लोड आल्यावर तिथं धोकादायक व्होल्टेज तयार होतं. दोन्ही बाजू बघायच्या. रिलेची सेटिंग शीट हातात घेऊन प्रत्येक आकडा स्क्रीनवर वाचा, टेस्टसाठी बदललेलं सेटिंग तसंच राहिलेलं असतं.

तिसरं, ट्रान्सफॉर्मर. कन्झर्व्हेटर (वरची तेलाची टाकी) आणि बुखोल्झ (आतल्या फॉल्टचा गॅस पकडणारा रिले) यांच्यामधले व्हॉल्व्ह उघडे, रेडिएटरचे वरचे-खालचे व्हॉल्व्ह उघडे, बुशिंग आणि बुखोल्झमधली हवा काढलेली. ब्रीदरमधलं (हवेतली ओल शोषणाऱ्या डबीतलं) सिलिका जेल निळं हवं, गुलाबी झालं असेल तर बदला. नारिंगी जेल असेल तर ते ओलीनं हिरवट पडतं. तेल फिल्टर केलं किंवा टॉपअप केलं असेल तर तेल निवायला, बुडबुडे वर यायला वेळ द्या, त्याच संध्याकाळी चार्ज करायचा हट्ट धरू नका. तेलाची बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेलाचं इन्सुलेशन फुटतं तो आकडा) २.५ मिमी गॅपला ३० केव्हीच्या वर आल्याचा कागद असल्याशिवाय मी पुढे जात नाही. टॅपची (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या स्विचची) जागा नोंदवा. ऑफ-सर्किट टॅप असेल तर लाइन घेतल्यावर तो फिरवायचा नाही, म्हणजे नाहीच.

मग कव्हर. सगळी, सगळ्या बोल्टांसह. चार बोल्टांच्या जागी दोन लावून ठेवलेलं कव्हर आर्क झाल्यावर उडतं.

७. ट्रिप होईल याची खात्री, मगच क्लोज

ब्रेकर लागतो का हे सगळे बघतात, सुटतो का हे कमी लोक बघतात. व्हीसीबीची ट्रिप कॉइल बॅटरी चार्जरच्या डीसीवर चालते. कामात कोणी चार्जरचा एमसीबी पाडला असेल तर ब्रेकर मॅन्युअली लागेल, पण फॉल्ट आला तर सुटणार नाही. डीसी व्होल्टेज मोजा, ट्रिप सर्किट हेल्दीचा दिवा बघा.

नंतर ब्रेकर टेस्ट पोझिशनला (मुख्य लाइनला न जोडता) ठेवून लावा, सोडा. रिलेकडून ट्रिप द्या, बुखोल्झ आणि तापमानाचं ट्रिप देऊन बघा, इमर्जन्सी पुश दाबून बघा. एसीबीचंही तसंच. सगळं चोख झालं की ब्रेकर उघडा असल्याची खात्री करून, दार बंद ठेवून सर्व्हिस पोझिशनला रॅक इन करा, म्हणजे आत सरकवून लाइनला जोडा.

८. वरून खाली, एका वेळी एक

आता खालची तयारी: एसीबी उघडा, पीसीसीचे सगळे फीडर उघडे, एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारा कपॅसिटरचा) पॅनेल ऑफ. मग वरून सुरुवात.

महावितरणची लाइन बंद घेतली होती तर त्यांच्या माणसाला लाइन क्लिअर लेखी परत करा आणि लाइन आल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत थांबा. डीपीचा आयसोलेटर लोड तोडण्या-जोडण्यासाठी नसतो, म्हणून खालची व्हीसीबी उघडी असताना तो लावा. दांडा एका दमात, ठामपणे मारायचा. अर्धवट हळू मारला की ठिणग्या. तिन्ही ब्लेड पूर्ण बसल्या का ते खालून बघा. मग व्हीसीबीच्या लाइन येणाऱ्या बाजूचे तिन्ही व्होल्टेजचे दिवे पेटलेत का बघा.

व्हीसीबी लावताना शक्य असेल तर रिमोटनं लावा. पॅनेलवरूनच लावायची वेळ आली तर दाराच्या समोर उभं राहू नका, बाजूला उभं राहा, तोंड फिरवा, बाकीच्यांना खोलीबाहेर काढा. एक जण स्विचिंग करतो, दुसरा क्रम मोठ्यानं वाचतो, पहिला तेच परत म्हणतो, मग हात पुढे करतो. नवी मुलं यावर हसतात. हसू देत, पण म्हणायला लावा.

ट्रान्सफॉर्मर चार्ज होताना क्षणभर मोठा इनरश करंट येतो. १००० केव्हीएला २२ केव्हीवर पूर्ण लोडला साधारण २६ अँपिअर लागतात, इनरश त्याच्या आठ-दहा पटीपर्यंत जाऊन लगेच उतरतो. "धुम्म" असा आवाज येऊन मग एकसारखी गुणगुण राहिली की ठीक. तडतड, उकळल्यासारखा किंवा पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब सोडा.

नो-लोडवर किमान अर्धा-एक तास ठेवा. तेलाचं काम झालं असेल आणि रात्र मोकळी असेल तर रात्रभर ठेवणं उत्तम. तेवढ्यात बुखोल्झच्या काचेत हवा जमते का, तापमान विनाकारण चढतं का, कुठून तेल झिरपतं का ते बघा.

एसीबी लावण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला व्होल्टेज मोजा. फेज ते फेज ४१५ ते ४३३ च्या आसपास, फेज ते न्यूट्रल २४० ते २५०, तिन्ही सारखे. न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य. इथं आकडे वाकडे आले तर न्यूट्रल लिंककडे परत जा. मोजण्याआधी टेस्टर जिथं लाइन असल्याची खात्री आहे तिथं तपासा, मग मोजा, मग परत तपासा.

एसीबी लावा, बसबार चार्ज झाल्यावर दहा मिनिटं काही करू नका. नुसतं ऐका आणि वास घ्या.

९. फेजचा क्रम आणि मोटरी

केबल, ट्रान्सफॉर्मरचं टर्मिनल किंवा बसबार यातलं काहीही सोडवलं होतं तर फेज सिक्वेन्स मीटर लावल्याशिवाय एकही मोटर सुरू करू नका. रंग जुळले म्हणून क्रम जुळतो असं नाही. स्क्रू कॉम्प्रेसर उलटा फिरला तर काही सेकंदांत एअरएंडचं नुकसान होतं, आणि त्याचं बिल आपल्या वर्षाच्या बोनसपेक्षा मोठं असतं. पंप उलटा फिरला तर पाणी येतं, फक्त कमी येतं, त्यामुळे महिनाभर कळत नाही. डीजीचा क्रमही मेन्सशी ताडून घ्या.

मोटर रिवाइंड होऊन आली असेल तर कपलिंग सोडवून एकदाच झटका द्या, दिशा बघा, मग कपलिंग जोडा. ओव्हरलोड रिलेचं सेटिंग नेमप्लेटशी जुळवा. पॅनेल पुसताना त्याची खुंटी फिरलेली असते.

१०. लोड हळूहळू चढवा

लाइटिंग आणि ऑफिस आधी, मग छोटे फीडर, मग कॉम्प्रेसर, चिलर, फर्नेस एकेक करून. सगळं एकदम टाकलं तर सुरू होतानाचे करंट एकावर एक चढून एसीबी पडू शकतो, आणि काँट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी ठरलेली कमाल मागणी) ओलांडली तर महिन्याच्या बिलात दिसतं. प्रत्येक फीडर देण्याआधी त्या विभागातल्या माणसाला फोन करा. त्याच्या मशीनवर कोणी काम करत असेल, स्टार्टचं बटन आधीच दाबलेलं असेल, क्रेनचा हुक अर्ध्यावर असेल.

कपॅसिटर बँक लोड आल्यावर द्या. बंद केल्यावर लगेच परत लावू नका, डिस्चार्ज व्हायला काही मिनिटं द्या. आणि एपीएफसी ऑटोवर परत टाकायला विसरू नका. केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर कमी झाला की वाढणाऱ्या युनिटवर) बिल येतं तिथं हा विसर महाग पडतो. यानंतर सोलरचा आयसोलेटर लावा. शेवटी डीजी ऑटोवर.

ट्रिप झाला तर

परत लावू नका. "एकदा मारून बघू, होल्ड होईल" हे वाक्य ऐकलं की समजायचं की माणूस दमलाय. रिलेवरचा फ्लॅग आणि आकडे फोटो काढून ठेवा, रीसेट नंतर. ओव्हरकरंट इन्स्टंट आलं तर शॉर्ट किंवा इनरश, अर्थ फॉल्ट आलं तर केबल किंवा ओल, बुखोल्झ आलं तर ट्रान्सफॉर्मरला हात लावायच्या आधी जाणकाराला बोलवा. इनरशवर पडला असं वाटत असेल तरी पुन्हा मेगर मारून, सेटिंग बघून मगच दुसरी संधी. दुसऱ्यांदा पडला तर त्या दिवशीचं चार्जिंग संपलं. लाइन बंद, अर्थिंग परत, नवं परमिट. प्रॉडक्शनला फोन तुम्ही करू नका, तुमच्या साहेबांना करू द्या.

११. पहिले चोवीस तास

पूर्ण लोड आल्यावर तासाभरानं सगळ्या फीडरचे करंट क्लॅम्पनं घ्या, तिन्ही फेज आणि न्यूट्रलसह. थर्मल कॅमेरा असेल तर एसीबीची टर्मिनलं, बसबारचे जोड आणि केबलच्या लगा (टोकाला दाबून बसवलेले जोड) बघा. एकाच जोडाच्या तीन फेजमधली एक बाकीच्या दोघींपेक्षा ठळक गरम दिसली तर बोल्ट ढिला किंवा लग नीट दाबलेली नाही. ते पुढच्या गुरुवारवर ढकलू नका. आतून कव्हर उघडून जिवंत बसबारकडे कॅमेरा रोखायचा मोह टाळा, त्यासाठी खिडकी असते. नसेल तर ती पुढच्या शटडाऊनच्या यादीत घाला.

स्विचिंगच्या कागदावर वेळा भरा, मेगरचे आकडे आणि टॅपची जागा रजिस्टरमध्ये चढवा, परमिटं बंद करून फाइलला लावा. वर्षभरानं दुसरा कोणीतरी याच पॅनेलवर मेगर घेऊन उभा असेल, त्याला ताडून बघायला आजचाच आकडा मिळणार आहे. तेवढ्यासाठी तो पेन्सिलनं लिहू नका.